डिजिटलवर हात बसलेल्यांनी फिल्मचा पहिला रोल कसा काढावा

डिजिटल कॅमेऱ्यावर काही वर्षे मॅन्युअल मोडमध्ये काम केलेल्या माणसाच्या हातात जेव्हा घरातला किंवा सेकंडहँड बाजारातला जुना फिल्म कॅमेरा येतो, तेव्हा त्याला तो फारसा परका वाटत नाही. ॲपर्चर तेच, शटर स्पीड तेच, आणि फोकसची रिंग तर हल्लीच्या लेन्सपेक्षा हाताला अधिक सुखाची. त्यामुळे पहिला रोल सहज जमेल असा त्याचा अंदाज असतो. प्रत्यक्षात धुऊन आलेला रोल उजेडासमोर धरला की बऱ्याच निगेटिव्ह (उजेड काळा आणि सावली पारदर्शक दाखवणारी उलटी चित्रे) पातळ निघतात, सावलीच्या जागी नुसती कोरी फिल्म दिसते, आणि दोष कॅमेऱ्याच्या वयावर नाहीतर लॅबवर जातो. कॅमेरा आणि लॅब दोन्ही निर्दोष असतानाही असे होऊ शकते, कारण डिजिटलने लावलेली एक अतिशय चांगली सवय फिल्मवर नेमकी उलटी पडते. ती सवय कोणती, ती बदलून पहिला रोल कसा काढावा, कसा धुवावा आणि धुतल्यावर त्यातून काय वाचावे, एवढाच या मार्गदर्शनाचा विषय आहे. उदाहरणासाठी ३५ मिमीची, ४०० आयएसओची कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म धरली आहे, कारण ती सहज मिळते, चुका बऱ्यापैकी पोटात घालते आणि घरी धुता येते.

डिजिटलमध्ये काय जाते, फिल्मवर काय जाते

सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल पडलेल्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नोंद करतो. प्रकाश दुप्पट झाला की नोंदही दुप्पट होते. पिक्सेलची क्षमता संपली की मात्र हा हिशेब एकदम थांबतो. त्यापुढचा सगळा प्रकाश एकाच पांढऱ्यात जमा होतो, आणि त्या पांढऱ्यात ढगाची कडा होती की नवरीच्या शालूची जर होती हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. अंधाराच्या बाजूला सेन्सर पुष्कळ उदार असतो. आजच्या फुलफ्रेम सेन्सरची डायनॅमिक रेंज, म्हणजे गडद सावलीपासून प्रखर उजेडापर्यंतचा टिपता येणारा पल्ला, मूळ आयएसओवर १४ स्टॉपच्या आसपास असते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे), आणि रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीतून, सावली तीन-चार स्टॉप उचलली तरी थोडा नॉइज सोडला तर चित्र उभे राहते. म्हणूनच डिजिटलचा छायाचित्रकार हिस्टोग्रामच्या (डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या आलेखाच्या) उजव्या टोकाकडे लक्ष ठेवतो, आकाश जळू देत नाही आणि सावलीचे नंतर बघू म्हणतो. डिजिटलसाठी हा हिशेब अगदी योग्य आहे.

फिल्मचे गणित दुसऱ्या टोकाने चालते. जिलेटिनच्या थरात पसरलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणाला डेव्हलपरमध्ये (फिल्मवरचे चित्र उघड करणाऱ्या रसायनात) काळे होण्यासाठी काही किमान प्रकाश मिळावा लागतो. तेवढा मिळाला नाही, तर त्या कणावर काहीच घडलेले नसते, आणि न घडलेली गोष्ट डेव्हलपर वाढवू शकत नाही की स्कॅनर शोधू शकत नाही. प्रखर बाजूला मात्र फिल्म हळूहळू थकते. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या संशोधकांनी १८९० मध्ये प्रकाश आणि घनता यांचा जो आलेख मांडला, त्याच्या वरच्या टोकाला रेषा एकदम तुटत नाही, वाकत जाते. दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश पडला तर निगेटिव्ह घट्ट होते, ग्रेन (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो, स्कॅन करायला त्रास होतो, पण तपशील बहुतेक शिल्लक असतो. (स्लाइड फिल्म याला अपवाद आहे, ती डिजिटलसारखीच प्रखर बाजूला कोसळते, त्यामुळे पहिल्या रोलसाठी ती घेऊ नये.)

थोडक्यात, डिजिटलवर उजेड सांभाळावा लागतो आणि निगेटिव्ह फिल्मवर सावली. पुढची प्रत्येक सूचना यातूनच निघते.

आणखी एक फरक इथेच समजून घ्यावा. डिजिटल कॅमेऱ्यावर आयएसओ वाढवला की सेन्सरच्या संकेताचे प्रवर्धन वाढते आणि तो प्रत्येक फोटोला बदलता येतो. फिल्मची संवेदनशीलता कारखान्यात ठरलेली असते. कॅमेऱ्यावरची आयएसओची चकती फिल्मला काहीच करत नाही, ती फक्त मीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेला, सांगते की आत कोणता रोल आहे. चकती ४०० वरून २०० वर आणली तर मीटर प्रत्येक फ्रेमला एक स्टॉप जास्त प्रकाश मागतो, एवढाच त्याचा अर्थ. हे नीट लक्षात ठेवले तर ही चकती फार उपयोगाची आहे, आणि तिच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

एकच दृश्य, दोन एक्सपोजर

पुण्यातल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यात दुपारी बाराच्या सुमारास समोर उभे राहिले तर सूर्य वाड्याच्या मागे, दक्षिणेला असतो. दरवाजाची बाजू सावलीत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेल्या टोकदार खिळ्यांची ती प्रचंड दारे काळपट, आणि वर लखलखणारे आकाश. समजा, ४०० आयएसओवर दाराच्या लाकडाचे जवळून घेतलेले रीडिंग १/१२५ आणि एफ/५.६ आले, आणि सर्वांत उजळ ढगाचे १/१००० आणि एफ/१६. दोहोंत सहा स्टॉपचे अंतर आहे.

डिजिटलवर आपण ढगापासून सुरुवात करू. मीटर जे बघतो ते मध्यम राखाडी समजून रीडिंग देतो, ढग तर पांढरा हवा, म्हणून त्याच्या रीडिंगपेक्षा दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा: १/१००० आणि एफ/८. यात ढग शाबूत राहतो, दार मध्यम राखाडीपेक्षा चार स्टॉप खाली जाते, आणि रॉ फाइल उघडून ते वर उचलले की खिळे दिसू लागतात.

फिल्मवर हेच एक्सपोजर दिले तर दाराच्या जागी जवळपास कोरी पट्टी मिळेल. म्हणून इथे सुरुवात दारापासून करायची. दार मध्यम राखाडी नको, काळपट पण तपशीलासह हवे, म्हणून त्याच्या रीडिंगपेक्षा दोन स्टॉप कमी: १/५०० आणि एफ/५.६. ढग आता मध्यमपेक्षा चार स्टॉप वर गेला. डिजिटलवर तो जळाला असता. कृष्णधवल निगेटिव्हवर तो घट्ट काळा पडेल, आणि स्कॅन करताना किंवा प्रिंट काढताना त्याला थोडे जास्त एक्सपोजर दिले की बहुतांशी परत मिळेल. दोन माध्यमांच्या योग्य एक्सपोजरमध्ये, एकाच जागी, एकाच क्षणी, दोन स्टॉपचा फरक पडला.

सावलीतला जो सर्वांत काळा भाग तपशीलासह हवा आहे त्याचे रीडिंग घेऊन दोन स्टॉप कमी करायचे, ही रीत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीतून आलेली आहे. ती पद्धत पूर्ण शिकायला वेळ लागतो. पहिल्या रोलपुरती ही एवढी गोष्ट पुरे.

यावरून एका लोकप्रिय सल्ल्याची अडचणही कळते. डिजिटल कॅमेऱ्यावर आधी फोटो काढून बघा आणि तेच आकडे फिल्म कॅमेऱ्यावर लावा, असे अनेक जण सांगतात. डिजिटलच्या पडद्यावर जो फोटो बरा दिसतो, तो आकाश जळू नये म्हणून आपण आधीच अंडर, म्हणजे कमी प्रकाशाचा, केलेला असतो, आणि तेच आकडे उचलले की फिल्म उपाशी राहते. डिजिटल कॅमेरा मीटर म्हणून जरूर न्यावा. पण त्यावर स्पॉट मीटरिंग (दृश्यातल्या छोट्या ठिपक्यापुरते मोजमाप) लावून, आयएसओ ४०० ठेवून, सावलीचे रीडिंग घ्यावे आणि पडद्यावरच्या फोटोकडे दुर्लक्ष करावे.

तळहाताचे मीटर

जुन्या एसएलआरमधला (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातला) मीटर बहुधा फ्रेमच्या मधल्या भागाला जास्त महत्त्व देतो आणि समोर काय आहे हे त्याला कळत नाही. आषाढातल्या वारीत पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि पांढरी टोपी घातलेला वारकरी फ्रेममध्ये भरला, की मीटर त्या पांढऱ्याला राखाडी समजून एक्सपोजर कमी करतो, आणि टोपीखालचा सावळा चेहरा फिल्मवर उमटतच नाही. डिजिटलवर हे लगेच दिसते आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशनने सुधारता येते. फिल्मवर ते आठवड्याने कळते.

यावर फुकटचा उपाय म्हणजे स्वतःचा तळहात. चेहऱ्याच्या रंगात माणसामाणसात फार फरक असतो, तळहातात तो पुष्कळ कमी असतो. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ धरतात. विषयावर जो प्रकाश पडतो आहे त्याच प्रकाशात तळहात धरावा, कॅमेरा जवळ नेऊन फ्रेम तळहाताने भरावी (फोकसची गरज नाही), रीडिंग घ्यावे आणि त्यात एक स्टॉप वाढवावा. टोपीखालचा चेहरा सावलीत असेल तर तळहातावरही तशीच सावली पाडून घ्यावी. दुसऱ्या हाताने पाडली तरी चालते. हे सगळे करायला काही सेकंद लागतात, आणि एकदा रीडिंग मिळाले की प्रकाश बदलेपर्यंत मीटरकडे बघण्याचे कारण नाही. डिजिटलवाल्याला ही शिस्त सुरुवातीला जुनाट वाटते, पण माझ्या मते फिल्मचा सगळ्यात मोठा आराम यातच आहे: एकदा आकडे लावले की लक्ष माणसावर राहते.

मीटर बंदच असेल तर सनी सिक्स्टीनचा नियम आहे. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि शटर स्पीड आयएसओच्या जवळचा, म्हणजे ४०० च्या रोलला १/५००. ढगाळ असेल तर त्याच शटरला एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. मनात शंका आली तर निगेटिव्ह फिल्मवर नेहमी मोठे ॲपर्चर निवडावे.

कॅमेरा घेताना

पहिल्या रोलसाठी यांत्रिक शटरचा, आत मीटर असलेला ३५ मिमीचा एसएलआर घ्यावा. १९७६ ते १९९७ अशी दोन दशके बनत राहिलेला पेन्टॅक्स के१०००, निकॉनचा एफएम२ किंवा एफएम१०, याशिकाचा एफएक्स-३ हे या वर्गातले. यांचे शटर सेलशिवाय चालते. सेल फक्त मीटरला लागतो. कॅननचा एई-१ सुंदर कॅमेरा आहे, पण त्याचे शटर विजेवर चालते आणि सेल संपला की तो गप्प बसतो. के१००० ला मीटर बंद करण्याचे बटण नाही, त्यामुळे काम झाले की लेन्सला टोपण लावावे, नाहीतर सेल उतरत राहतो. बऱ्याच घरांत अग्फाचा क्लिक ३ सापडतो. त्याला १२० ची रुंद फिल्म लागते आणि त्यात मीटर नाही, म्हणून त्याचा मोह थोडा पुढे ढकलावा.

विकत घेण्याआधी मागचे दार उघडून, रोल नसताना, एक सेकंद आणि अर्ध्या सेकंदावर शटर दाबून ऐकावे. जुने वंगण घट्ट झाले असेल तर हे संथ वेग अडखळतात. लेन्सचे ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा: आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस आहे, आणि मुंबईत किंवा कोकणात पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ते हमखास सापडते. दाराच्या खोबणीतला काळा फोम बोटाला चिकट लागला तर तो बदलून घ्यावा, कारण तिथून उजेड आत शिरतो आणि फ्रेमवर पट्टे उमटवतो.

सेलबद्दल एक सूक्ष्म गोष्ट. साठ-सत्तरच्या दशकांतले अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनले होते आणि ते सेल आता मिळत नाहीत. त्यात १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर बरेच मीटर प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त समजतात आणि एक्सपोजर कमी देतात, म्हणजे फिल्मला जे सोसत नाही नेमके तेच करतात. वर सुचवलेले यांत्रिक शटरचे कॅमेरे या भानगडीतून मुक्त आहेत. त्यांच्यात एलआर४४ ऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ घालावा, त्याचा व्होल्टेज संपेपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो.

रोल भरणे आणि काढणे

इल्फर्डचा एचपी५ प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स, दोन्हींपैकी कोणताही चालेल. मुदत संपलेले रोल स्वस्तात मिळतात, आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोलही अधूनमधून कोणाच्या तरी कपाटातून निघतात. त्यांच्याविषयी जिव्हाळा असणे समजू शकते, पण वयाबरोबर फिल्मची संवेदनशीलता घटते आणि शिकताना दोष आपला की रोलचा हे कळत नाही. रोल फ्रिजमध्ये ठेवला असेल तर वापरण्याआधी बंद डबीतच तासदोन तास बाहेर काढून ठेवावा, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर दव धरते.

रोल सावलीत भरावा. फिल्मचे टोक टेक-अप स्पूलच्या (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळाच्या) खाचेत अडकवावे, एकदा लिव्हर ओढून दातेरी चाकाचे दात दोन्ही कडांच्या भोकांत बसले आहेत ना हे बघावे, मग दार बंद करावे. आता रिवाइंडची किल्ली हलक्या हाताने बाणाच्या दिशेने फिरवून ढील काढून घ्यावी आणि लिव्हर ओढताना त्या किल्लीकडे बघावे. ती फिरली तर फिल्म पुढे सरकते आहे. ती फिरली नाही तर काउंटर कितीही आकडे दाखवो, फिल्म जागची हललेली नाही. ३६ फ्रेम संपल्यावर लिव्हर जोर लावून ओढू नये. तळाचे छोटे बटण दाबून किल्लीने फिल्म परत डबीत गुंडाळावी, आणि ओढ सुटल्याचे हाताला कळेपर्यंत दार उघडू नये.

पहिल्या रोलमधल्या पहिल्या पाच फ्रेम एकाच स्थिर दृश्यावर खर्च कराव्यात: तळहाताने आलेले एक्सपोजर, मग एक आणि दोन स्टॉप अंडर, मग एक आणि दोन स्टॉप ओव्हर. दृश्यात ऊन आणि सावली दोन्ही असू द्यावे. डिजिटल फाइलमध्ये हे आकडे आपोआप नोंदले जातात, इथे ते वहीत लिहावे लागतात: फ्रेमचा क्रमांक, शटर, ॲपर्चर, रीडिंग कशाचे घेतले. महागडे पाच फोटो वाया गेले असे वाटेल, पण या पाच निगेटिव्ह एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याइतके चांगले शिक्षण दुसरे नाही.

अंधुक प्रकाशाविषयी अपेक्षा मापातच ठेवाव्यात. डिजिटलवर ६४०० आयएसओ सहज लावणाऱ्याला ४०० चा रोल देवळाच्या गाभाऱ्यात तोकडाच पडणार. रोल १६०० ला पुश करता येतो, म्हणजे मीटरला १६०० सांगून फोटो काढायचे आणि धुताना वेळ वाढवायचा. पण वाढीव वेळेने मधले आणि उजळ भाग तेवढे वर येतात; सावलीत जे नोंदलेच गेले नाही ते येत नाही, आणि कॉन्ट्रास्ट चढतो. एक सेकंदापेक्षा लांब एक्सपोजरला फिल्म आळसावते, हाही डिजिटलमध्ये नसलेला प्रकार आहे: एचपी५ प्लससाठी मीटरने १० सेकंद सांगितले तर सुमारे २० सेकंद द्यावे लागतात. दिवाळीच्या पणत्या ट्रायपॉडवर काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

विमानप्रवासात रोल चेक-इनच्या सामानात कधीही टाकू नये, आणि हातातल्या सामानासाठी जिथे नवी सीटी स्कॅनर यंत्रे आहेत तिथे रोल हाताने तपासण्याची विनंती करावी.

धुणे

कृष्णधवल रोल लॅबला देताना तो कृष्णधवल आहे हे स्पष्ट सांगावे. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत चांदी शेवटी धुऊन काढून टाकलेली असते आणि चित्र रंगद्रव्यांत उरते. साधा कृष्णधवल रोल त्यात गेला तर चांदीबरोबर चित्रही जाते आणि कोरी पट्टी हाती येते. इल्फर्डचा एक्सपी२ सुपर हा कृष्णधवल रोल मुद्दाम सी-४१ साठीच बनवलेला आहे, तो द्यायला हरकत नाही.

घरी धुणे अवघड नाही. डेव्हलपिंग टँक, चेंजिंग बॅग (आत हात घालून काम करण्याची उजेडबंद पिशवी), थर्मामीटर, डेव्हलपर आणि फिक्सर एवढे पुरते. खोली अंधारी करण्याचीही गरज नाही. एक वाया गेलेला रोल घेऊन तो टँकच्या रिळावर चढवण्याचा सराव आधी उजेडात आणि मग डोळे मिटून करावा. चेंजिंग बॅगमध्ये हाताला घाम सुटतो आणि प्लॅस्टिकचे रीळ ओलसर झाले की फिल्म त्यावर चढता चढत नाही, म्हणून पंखा लावून, रीळ पूर्ण कोरडे करून बसावे.

आपल्याकडची खरी अडचण तापमानाची आहे. एचपी५ प्लससाठी आयडी-११ हा डेव्हलपर मूळ द्रावणात २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटे आणि तेवढेच पाणी घालून तेरा मिनिटे द्यावा लागतो. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी तीस अंशांच्या पुढे असते. मूळ द्रावण इतक्या उष्ण पाण्यात वापरले तर वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि फिल्म एकसारखी धुतली जात नाही. त्यावर दोन उपाय एकत्र करावेत: डेव्हलपर निम्मा पातळ करावा, आणि बर्फाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ती पिशवी टबात सोडून, त्या टबात सगळ्या बाटल्या ठेवून तापमान २४ अंशांपर्यंत आणावे. तिथे हा वेळ सुमारे नऊ मिनिटांवर येतो, जो सांभाळायला सोपा आहे. सगळी द्रावणे आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानात फार फरक राहू देऊ नये.

डेव्हलपर ओतल्यावर पहिले दहा सेकंद टँक चार वेळा सावकाश उलटासुलटा करावा, आणि मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तसेच चार वेळा. प्रत्येक वेळी टँक टेबलावर हलकेच आपटावा म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. वेळ संपली की डेव्हलपर काढून दहा सेकंद स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण), मग एकास चार प्रमाणातला रॅपिड फिक्सर पाच मिनिटे. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत तेच काम हा फिक्सर करतो: न वापरलेले सिल्व्हर हॅलाइड विरघळवतो. नंतर टँकमध्ये स्वच्छ पाणी भरून पाच वेळा उलटावे आणि ओतावे, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे आणि त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब धरू न देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब. बोअरवेलचे जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग ठेवते आणि ते स्कॅनमध्ये पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. रोल न्हाणीघरात, पंखा बंद ठेवून, खाली चिमटा लावून वाळत घालावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, ते मोरीत ओतू नये. साठवून, घेणारी लॅब असेल तर तिथे द्यावे.

निगेटिव्ह वाचणे

स्कॅन बघण्याआधी निगेटिव्ह बघावी. लॅबचा स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा उजेड स्वतः सुधारतो आणि एक्सपोजरमधली चूक झाकून टाकतो. म्हणून लॅबकडून निगेटिव्ह न विसरता परत मागावी. काही ठिकाणी फक्त स्कॅन पाठवून देण्याची रीत पडली आहे.

मोबाइलवर कोरा पांढरा पडदा उघडून त्यावर निगेटिव्ह थोडी उंच धरावी. आधी कडेला बघावे. तिथे फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात, त्यामुळे त्यांचा तुमच्या एक्सपोजरशी संबंध नसतो, धुण्याशी असतो. आकडे ठळक काळे आणि फ्रेम पातळ असेल तर फोटो अंडर आहे. आकडे आणि फ्रेम दोन्ही फिके असतील तर डेव्हलपर कमजोर होता, थंड होता किंवा वेळ कमी पडला. आकडे ठळक असून एकही फ्रेम नसेल तर रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नव्हता. आकडेही नसतील, सगळी पट्टी काचेसारखी कोरी असेल, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला.

मग पहिल्या पाच फ्रेमकडे यावे आणि फक्त सावलीचा भाग बघावा. फ्रेमच्या बाहेरची कोरी कड आणि फ्रेममधली सावली यांत काही फरक दिसतो का, हा एकच प्रश्न. दोन स्टॉप अंडरच्या फ्रेममध्ये तो बहुधा दिसणार नाही. ज्या फ्रेममध्ये सावलीतला पोत पहिल्यांदा स्पष्ट दिसतो, ते तुमच्या कॅमेऱ्याचे, तुमच्या मीटरचे आणि तुमच्या धुण्याचे योग्य एक्सपोजर. ते मूळ रीडिंगच्याच फ्रेममध्ये सापडले तर आयएसओची चकती ४०० वर राहू द्यावी. एक स्टॉप ओव्हरच्या फ्रेममध्ये सापडले, आणि असे पुष्कळदा होते, तर पुढच्या रोलला चकती २०० वर ठेवावी आणि धुण्याची वेळ तीच ठेवावी. रंगीत निगेटिव्हलाही हाच न्याय लागतो. २०० आयएसओचा रंगीत रोल मीटरला १०० सांगून काढला तर सावल्यांतला मातकट रंग जातो.

स्कॅनिंगसाठी वेगळे यंत्र घेण्याची घाई करू नये. ज्या डिजिटल कॅमेऱ्याची सवय आतापर्यंत मोडत होतो तोच इथे उत्तम काम करतो, आणि इथे त्याची जुनी सवय लागू पडते. एकसारखा पांढरा उजेड देणाऱ्या एलईडी पॅनेलवर निगेटिव्ह सपाट धरून ठेवावी, वर मॅक्रो लेन्स लावून कॅमेरा काटकोनात रोखावा, खोलीतले दिवे घालवावेत, मूळ आयएसओ आणि एफ/८ लावून रॉमध्ये फोटो घ्यावा. हिस्टोग्राम उजवीकडे न्यावा, पण टोकाला आपटू देऊ नये, कारण निगेटिव्हमधला सर्वांत उजळ भाग म्हणजे दृश्यातली सावली, आणि ती इथे जळाली तर एवढ्या कष्टाने राखलेला तपशील शेवटच्या पायरीवर जाईल. मग सॉफ्टवेअरमध्ये टोन कर्व्ह उलटा करावा.

निगेटिव्ह सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापून पारदर्शक स्लीव्हमध्ये, रोलची तारीख आणि वहीचे पान लिहून ठेवाव्यात. पावसाळ्यात त्या आणि लेन्स दोन्ही चामड्याच्या केसमध्ये किंवा लाकडी कपाटात ठेवू नयेत; हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर ठेवावा. काटा ५० टक्क्यांच्या वर चढू लागला की सिलिका जेल गरम करून पुन्हा कोरडे करून घ्यावे. स्कॅनच्या फाइलची एक प्रत घराबाहेर असावी, निगेटिव्हची तशी दुसरी प्रत निघत नाही.